लहान एंजिनांसाठी फेरेमापक : निवड, जोडणी आणि उपयोग

सोयाबीनची सुगी आली म्हणजे विदर्भ-मराठवाड्यातील गावोगावी मळणी यंत्रांची घरघर सुरू होते. यंत्राच्या मालकास पोत्यामागे मजुरी मिळते. म्हणून यंत्र जितके जलद फिरेल तितके त्याच्या हिताचे असते. ज्या शेतकऱ्यास त्याच मालातून पुढील वर्षाचे बियाणे राखावयाचे असते, त्याचे हित मात्र यंत्र सावकाश फिरण्यात असते. सोयाबीनच्या दाण्याचे टरफल पातळ असते आणि अंकुर त्या टरफलाच्या अगदी खाली असतो. ड्रमचा जोराचा मार बसला, तर दाणा वरून धड दिसतो, पण आतील अंकुर दुखावतो. सोयाबीनच्या बियाण्याची उगवणशक्ती निदान ७० टक्के असावयास हवी. जलद मळणीच्या मालात ती याहून किती तरी खाली जाऊ शकते, आणि हे कळते ते पेरणी झाल्यावर.

अशा वेळी खळ्यावर वाद होतो. मालक म्हणतो, "यंत्र हळूच चालले आहे." शेतकरी म्हणतो, "आवाज तर फार येतो आहे." दोघेही कानाने गती ठरवितात. हा वाद मिटविण्याचा मार्ग एकच, आणि तो म्हणजे फेरे मोजणे. फेरे मोजण्याच्या साधनास टॅकोमीटर म्हणतात. आपण त्यास फेरेमापक म्हणू. हे साधन कसे निवडावे, एंजिनावर कसे बसवावे आणि त्यापासून कोणते काम घ्यावे, याची माहिती ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांस व शेतकरी बंधूंस व्हावी म्हणून हा लेख दिला आहे.

फेरे मोजण्याची गरज काय?

प्रत्येक एंजिनावर एक पाटी असते. तीवर शक्ती आणि त्या शक्तीसाठी दर मिनिटास किती फेरे हवेत, हे दोन्ही आकडे असतात. जुन्या पद्धतीची जड, मंदगती डिझेल एंजिने बहुधा ६५० फेऱ्यांची असतात. त्यानंतर आलेली हलकी डिझेल एंजिने पुष्कळदा १५०० फेऱ्यांची असतात. फवारणी यंत्रावरील किंवा कोळपणी यंत्रावरील लहान चार-स्ट्रोक पेट्रोल एंजिने ३००० ते ३६०० फेऱ्यांवर आपली पाटीवरील शक्ती देतात. पाटीवरील शक्ती ही त्या फेऱ्यांपुरतीच खरी असते.

फेरे थोडे बदलले तरी परिणाम मोठा होतो. विहिरीवरील पंपाचे उदाहरण घेऊ. पंप १५०० फेऱ्यांचा आहे आणि त्या गतीस तो जास्तीत जास्त २० मीटर उंचीपर्यंत पाणी चढवू शकतो, असे समजा. फेरे १३५० झाले, म्हणजे फक्त दहावा हिस्सा कमी झाले, तर तोच पंप १६.२ मीटरवरच थांबतो. कारण उंची ही फेऱ्यांच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. उन्हाळ्यात पाणी खोल गेले असता "पंप बिघडला" अशी जी तक्रार येते, तीमागे पुष्कळदा एंजिनाचे घटलेले फेरे असतात.

उलट, जास्त पाणी मिळावे म्हणून गव्हर्नरचा स्क्रू आवळून फेरे १६५० केले, तर पाण्यात वाढ सुमारे दहाव्या हिश्शाची होते. परंतु पंपास लागणारी शक्ती फेऱ्यांच्या घनाच्या प्रमाणात, म्हणजे सुमारे एक तृतीयांशाने वाढते. तितके तेल अधिक जळते आणि एंजिनावर ताण पडतो. फ्लायव्हीलच्या अंगी येणारा ताणही फेऱ्यांच्या वर्गाप्रमाणे वाढतो. फेरे एक पंचमांशाने वाढविले तर हा ताण ४४ टक्क्यांनी वाढतो. म्हणून गव्हर्नरला अंदाजाने हात लावू नये.

साधनाविना मोजणी

फेरेमापक हाताशी नसेल तरी मंदगती एंजिनाचे फेरे मोजता येतात. एंजिनाच्या पुलीचा व्यास ३५ सेंटिमीटर असेल, तर तिचा घेर ११० सेंटिमीटर होतो. पट्ट्याची लांबी ११ मीटर असेल, तर पुलीच्या दहा फेऱ्यांत पट्टा एकदा पूर्ण फिरतो. पट्ट्याचा सांधा मिनिटात ६५ वेळा डोळ्यांसमोरून गेला, तर एंजिनाचे फेरे ६५० झाले. घड्याळ आणि मोजण्याचा टेप एवढ्यावर हे काम होते.

दुसरी रीत धुराड्याच्या आवाजाची. चार-स्ट्रोक एंजिनात दोन फेऱ्यांमागे एकदा स्फोट होतो. एका माणसाने घड्याळ पाहावे. दुसऱ्याने प्रत्येक ठोक्यास कागदावर पेन्सिलीचा एक ठिपका, हात पुढे सरकवीत, द्यावा. दहा सेकंदांत ५४ ठिपके झाले, तर मिनिटास ३२४ स्फोट आणि ६४८ फेरे होतात. येथे एका ठिपक्याची चूक म्हणजे १२ फेऱ्यांची चूक, हे लक्षात ठेवावे. १५०० फेऱ्यांच्या एंजिनास ही रीत चालत नाही, कारण सेकंदास बारा-तेरा ठोके मोजणे माणसाच्या हाती नाही. तेथे साधनच हवे.

फेरेमापकाचे प्रकार

१. टेकवून मोजण्याचा फेरेमापक : याच्या टोकास रबरी बोंडी असते. ती फिरत्या धुऱ्याच्या उघड्या टोकाच्या बरोबर मध्यभागी हलकेच टेकवावी. काही साधनांबरोबर लहान चाकही येते. ते पट्ट्यावर टेकविल्यास पट्ट्याची गती मीटरमध्ये कळते. हा फेरेमापक डिझेल, पेट्रोल वा विजेची मोटर, कशासही चालतो. मात्र धुऱ्याचे टोक उघडे असले पाहिजे.

२. प्रकाशाचा फेरेमापक : फिरत्या भागावर चकाकणाऱ्या पट्टीचा अंगठ्याच्या नखाएवढा तुकडा चिकटवितात. साधनातून निघालेला प्रकाश त्यावरून परत येतो आणि दर फेऱ्यास एक गणना होते. यंत्रास स्पर्श करावा लागत नाही, हा याचा मोठा गुण आहे.

३. ठिणगीवर चालणारा फेरेमापक : स्पार्क प्लगच्या जाड तारेवर एक बारीक तार गुंडाळतात. प्रत्येक ठिणगीबरोबर या तारेत विजेचा सूक्ष्म धक्का येतो आणि साधन तो मोजते. हा एंजिनावर कायम बसविता येतो. पुष्कळ साधने एंजिन एकूण किती तास चालले तेही दाखवितात, त्यामुळे तेल बदलण्याची वेळ कळते. मात्र डिझेल एंजिनास ठिणगी नसते, म्हणून तेथे हा निरुपयोगी आहे.

४. चुंबकाचा फेरेमापक : फ्लायव्हीलवर लहान चुंबक किंवा बोल्टचे डोके, आणि समोर स्थिर आधारावर त्याची चाहूल घेणारा भाग, अशी याची रचना असते. डिझेल एंजिनावर कायमचा फेरेमापक हवा असेल तर हा उपयोगी पडतो. परंतु बसविण्यास कुशल कारागीर लागतो.

निवड कशी करावी?

खरेदीपूर्वी तीन प्रश्न स्वतःस विचारावे. एंजिन पेट्रोलचे आहे की डिझेलचे? एकाच एंजिनाचे फेरे पाहावयाचे आहेत की पंप, ड्रम, पंखा अशा अनेक धुऱ्यांचे? आणि मोजणी रोज हवी की हंगामातून चार वेळा?

बहुतेक शेतकऱ्यांस फेरे वर्षातून काही वेळाच पाहावे लागतात आणि तेही निरनिराळ्या यंत्रांवर. त्यांनी स्वतंत्र साधन घेण्याची गरज नाही. गावच्या अवजारे केंद्राने किंवा शेतकरी गटाने हातात धरण्याचा एक प्रकाशाचा फेरेमापक, शक्य तर टेकवून मोजण्याची सोय असलेला, घ्यावा व नोंद ठेवून सर्वांस वापरू द्यावा. पेट्रोल एंजिन रोज अनेक तास भाड्याने चालत असेल, तर त्यावर ठिणगीचा फेरेमापक कायम बसविणे फायद्याचे ठरते. तो घेताना ठिणग्यांचे प्रमाण बदलण्याची सोय त्यात आहे की नाही, हे अवश्य पाहावे. त्याचे कारण पुढे दिले आहे. धूळ व पाणी आत जाणार नाही असे बंद घर आणि उन्हात वाचता येतील असे मोठे आकडे, हेही गुण पाहून घ्यावेत.

पेट्रोल एंजिनावर जोडणी

प्रथम एंजिन बंद करून थंड होऊ द्यावे व स्पार्क प्लगची टोपी काढून ठेवावी, म्हणजे ते चुकून सुरू होणार नाही. फेरेमापक सायलेन्सरपासून दूर, चौकटीवर किंवा मुठीजवळ बसवावा. खाली रबराचा तुकडा घालावा, म्हणजे कंपनाने साधन खिळखिळे होत नाही. त्याची तार प्लगच्या जाड तारेवर, साधनासोबतच्या पत्रकात सांगितले असतील तितके, सामान्यतः तीन ते पाच वेढे देऊन घट्ट गुंडाळावी व बंधाने बांधावी. वेढे कमी पडले तर काही ठिणग्या मोजल्या जात नाहीत. फार झाले तर एकच ठिणगी दोनदा मोजली जाते. साधनास जमिनीची दुसरी तार असल्यास ती एंजिनाच्या धातूच्या, रंग खरवडून स्वच्छ केलेल्या बोल्टाखाली आवळावी. कोणतीही तार फ्लायव्हील, पट्टा किंवा तापणाऱ्या भागाजवळून नेऊ नये.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. चार-स्ट्रोक एंजिनात दोन फेऱ्यांमागे एकच स्फोट होतो, म्हणून दोन फेऱ्यांमागे एकच ठिणगी पडत असेल असे कोणासही वाटेल. पण लहान एंजिनांत ठिणगी बहुधा फ्लायव्हीलमधील चुंबकामुळे निर्माण होते, आणि हे चुंबक दर फेऱ्यास गुंडाळीसमोरून जाते. त्यामुळे दर फेऱ्यास एक ठिणगी पडते. तिच्यापैकी एक पेट्रोल पेटविते, आणि दुसरी जळलेला वायू बाहेर जाताना वाया जाते. अशा एंजिनावर फेरेमापक "दोन फेऱ्यांस एक ठिणगी" या प्रमाणावर ठेवला, तर खरे फेरे ३००० असता तो ६००० दाखवील. मालक घाबरून थ्रॉटल कमी करील आणि एंजिनात दम नाही म्हणून कारागिराकडे नेईल. याउलट ज्या एंजिनात खरोखरच दोन फेऱ्यांस एक ठिणगी पडते, तेथे "एका फेऱ्यास एक" हे प्रमाण ठेवले तर साधन निम्मेच फेरे दाखवील. ही चूक अधिक घातक, कारण आकडा वाढविण्याच्या नादात एंजिन फुटेपर्यंत पळविले जाईल. दोन-स्ट्रोक एंजिनात दर फेऱ्यास स्फोट होतो, म्हणून तेथे सामान्यतः "एका फेऱ्यास एक" हेच प्रमाण लागते.

प्रमाण बरोबर आहे की नाही, हे एकदा प्रकाशाच्या फेरेमापकाने फ्लायव्हीलवर ताडून पाहावे. दोन आकड्यांत दुप्पट किंवा निम्म्याचा फरक आला, तर साधन बिघडलेले नसून प्रमाण चुकले आहे असे समजावे. काही लहान एंजिनांत बाहेर आलेला धुरा आतील दात्यांमुळे अर्ध्याच गतीने फिरतो. तेथे ठिणगीचा फेरेमापक आतील धुऱ्याचे फेरे सांगतो, बाहेरील धुऱ्याचे नव्हे, हेही ध्यानात असावे.

डिझेल एंजिनावर मोजणी

एंजिन बंद असताना फ्लायव्हीलवर किंवा पुलीवर एक जागा चिंधीने पुसून तेल काढावे. भाग चकचकीत असेल तर तेथे काळा रंग द्यावा व तो वाळल्यावर मधोमध पट्टीचा तुकडा चिकटवावा. तुकडा एकच असावा. दोन चिकटविल्यास आकडा दुप्पट येईल. एंजिन सुरू करून पाच मिनिटे तापू द्यावे. साधन हातभर अंतराच्या आत, संरक्षक जाळीच्या बाहेरून धरावे. कडक ऊन पडत असेल तर आपल्या अंगाची सावली पाडावी. तीन वेळा आकडा घेऊन मधला ग्राह्य धरावा. प्रथम बिनभाराचे फेरे पाहावे व नंतर भारावरचे. बिनभाराचे फेरे थोडे अधिक असणे हे स्वाभाविक आहे. पण भार पडताच फेरे फारच खाली येत असतील, तर हवेची गाळणी, तेलाची गाळणी आणि इंजेक्टर यांची तपासणी करावी. गव्हर्नरला हात लावण्याची वेळ त्यानंतर येते, आणि तेही काम जाणत्या कारागिराचे.

फेरेमापकाचीच परीक्षा

साधन खरे सांगते की नाही, हे गावातच पाहता येते. पिठाच्या गिरणीची मोटर पाटीवर १४४० फेऱ्यांची असेल, तर पट्टा उतरवून ती मोकळी चालवावी. विजेचा पुरवठा सेकंदास ५० आवर्तनांचा असल्याने अशी मोटर मोकळी असता १५०० च्या किंचित खाली फिरते. साधनाने १४८० ते १५०० च्या दरम्यान आकडा दाखविला तर ते विश्वासार्ह समजावे. प्रकाशाच्या फेरेमापकाबाबत आणखी एक सावधगिरी हवी. चोक असलेली जुनी ट्यूबलाइट सेकंदास १०० वेळा लुकलुकते. तिच्या उजेडात साधन मिनिटास ६००० असा खोटा आकडा दाखवू शकते. असा आकडा आला की दिवा बंद करून पुन्हा मोजावे.

मळणी यंत्रावर उपयोग

आता आरंभीच्या वादाकडे वळू. मळणी यंत्राबाबत एंजिनाचे किंवा ट्रॅक्टरचे फेरे सांगून भागत नाही. दाण्यास मार देतो तो ड्रम, म्हणून फेरे ड्रमच्या धुऱ्यावरच मोजावे. बियाण्यासाठी सोयाबीन मळताना ड्रमचे फेरे मिनिटास ३५० ते ४०० ठेवावेत, अशी शिफारस केली जाते. माल जितका अधिक वाळलेला, तितका मार अधिक लागतो. म्हणून खडखडीत वाळलेल्या मालास गती खालच्या अंगाची ठेवावी. ड्रमचा व्यास नेहमीपेक्षा मोठा असेल तर त्याच फेऱ्यांत त्याच्या दात्यांची गती वाढते. तेथे फेरे आणखी कमी करावे.

समजा, ड्रमचे फेरे ६०० भरले आणि त्याच्या पुलीचा व्यास ३०० मिलिमीटर आहे. फेरे ४०० वर आणावयाचे आहेत. ६०० ला ३०० ने गुणून ४०० ने भागावे. उत्तर ४५० येते. ड्रमवर ४५० मिलिमीटर व्यासाची पुली बसविली म्हणजे काम झाले. केवळ एंजिनाचा थ्रॉटल कमी करून हे साधू नये, कारण त्याबरोबर पंख्याची गतीही घटते आणि भुसा नीट उडत नाही. पंखा व चाळण्या ड्रमच्या धुऱ्यावरून चालत असतील, तर त्यांच्या पुल्याही बदलून त्यांची मूळ गती कायम राखावी.

पट्टा घसरतो की काय, हेही याच साधनाने कळते. एंजिनाचे फेरे १५००, त्याची पुली १५० मिलिमीटरची आणि पुढील यंत्राची ३०० ची असेल, तर हिशेबाने पुढील यंत्राचे फेरे ७५० व्हावयास हवेत. प्रत्यक्षात ७२० भरले तर घसरण ४ टक्के झाली. साध्या चपट्या पट्ट्यास इतकी घसरण चालते. याहून अधिक झाली तर पट्टा ताणावा किंवा बदलावा.

सुरक्षितता

मोजणीच्या वेळी धोतराचा सोगा, पदर, ओढणी किंवा ढिली बाही मोकळी ठेवू नये. जाळी काढून मोजू नये. टेकवून मोजण्याचा फेरेमापक धुऱ्याच्या टोकाखेरीज अन्यत्र लावू नये. मुलांस दूर ठेवावे. घरात वा बंद खोलीत एंजिन चालवून मोजणी करू नये. धुराने जीव जातो.

कार्यकर्त्यांनी दाखवावयाचे प्रात्यक्षिक

सुगीपूर्वी एका सकाळी गावातील मळणी यंत्रांचे मालक व बियाणे राखणारे शेतकरी यांस एकत्र बोलवावे. प्रथम प्रत्येकाकडून ड्रमचे फेरे किती असतील याचा अंदाज लिहून घ्यावा, आणि मग सर्वांसमक्ष फेरे मोजावे. कान किती फसवितो हे सांगावे लागणार नाही. नंतर थोडे सोयाबीन नेहमीच्या गतीने व थोडे ४०० फेऱ्यांवर मळून, दोन्ही ढिगांतील शंभर-शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवावे. गोणपाट ओलसर राखून सातव्या-आठव्या दिवशी त्याच मंडळींसमक्ष उघडावे व अंकुर मोजावे. प्रत्येक यंत्राचे नाव, पुलीचे माप, एंजिनाचे व ड्रमचे फेरे आणि तारीख यांची नोंद वहीत ठेवावी.

बियाण्यासाठी मळणी ठरविताना पोत्याच्या दराबरोबर ड्रमचे फेरेही ठरवून घ्यावेत. सावकाश मळणीस वेळ अधिक लागतो, म्हणून मालकाने थोडी अधिक मजुरी मागितली तर ती गैर नाही. दुबार पेरणीच्या खर्चापुढे ती अल्पच ठरेल. दोघांच्याही समोर एकच आकडा असला, म्हणजे वादाचे कारण उरत नाही.